मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. जुन्या घरात अर्थिंग कसं तपासायचं?

केतकी_मिरज | ८ जुलै, रात्री ९.२०

"वहिनी, मशीन चावतंय," असं आमच्याकडे कपड्यांना येणाऱ्या मावशी दोन आठवडे म्हणत होत्या. मी हात लावून बघायचे, मला काहीच जाणवायचं नाही. काल दिवसभर पाऊस होता. मागच्या सोप्यातली शहाबादी फरशी ओली, मी चपला दाराशी काढलेल्या. ओला टॉवेल बाहेर काढताना मनगट झाकणाच्या कडेला, पत्र्याला टेकलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तेव्हा कळलं की मी रोज रबरी चपला घालून मशीनपाशी जाते आणि मावशी अनवाणी असतात. त्या खरं सांगत होत्या आणि मी "काही नाही हो" म्हणून त्यांना परत कामाला लावत होते. रात्रभर तेच डोक्यात होतं.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, वायरिंग १९८४ चं. मशीन फुल ऑटोमॅटिक, वरून कपडे घालायचं, पत्र्याची बॉडी, सात वर्षं जुनं. टेस्टर बॉडीला लावला तर मंद लागतो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. तो म्हणाला, "एवढं सगळ्यांकडेच येतं, पावसाळ्यात जरा जास्त. खाली रबरी मॅट टाका." बोर्डात एमसीबी (जास्त भार झाला की आपोआप पडणारा खटका) आहे आणि तो पडत नाही, म्हणजे मोठा बिघाड नाही, असंही त्याचं म्हणणं. सॉकेट तीन भोकांचं आहे.

मॅट टाकून भागेल का? नाहीतर नेमकं काय तपासायला सांगू?

श्रावणसर | ८ जुलै, रात्री ९.४५

आमच्याकडेही येतो थोडा. मॅट टाकलीय, पाच वर्षं काही झालं नाही.

तात्या_वायरमन | ८ जुलै, रात्री १०.१०

केतकीताई, आधी प्लग काढा, बाकीचं मग वाचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (ज्या वायरीतून वीज येते ती) न्यूट्रलवर (ज्यातून परत जाते ती) बसवलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. तसं असेल तर बटण बंद असतानाही मशीनच्या आत फेज उभाच असतो. सॉकेट मशीनच्या मागे अडकलं असेल तर आधी घराचा मेन बंद करा, मग हात घाला. आणि मावशींना उद्या कपडे हाताने धुवायला लावू नका, दोन दिवस कपडे साठू द्या.

आता कारण. आजकालच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, त्याच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून. बॉडी अर्थला जोडलेली असली की ती किरकोळ गळती जमिनीत जाते, कुणाला कळतही नाही. अर्थ नसला की बॉडी मधोमध लटकते. २३० च्या निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपास मीटर दाखवतो. त्याचा करंट एक मिलीअँपिअरच्याही आत असतो, नुसत्या मुंग्या येतात. तुमचा इलेक्ट्रिशियन "सगळ्यांकडे येतं" म्हणतो ते हे.

पण दुसरीही शक्यता आहे. मोटरच्या वायंडिंगला ओल आली, पंपाची वायर पत्र्याला घासून सोलली, उंदरानं कुरतडली, तर खरा फेज बॉडीवर येतो. सुरुवातीला तोही मुंग्यांसारखाच लागतो. मी ३४ वर्षं हे काम करतोय, मलाही नुसत्या हाताला लागण्यावरून यातलं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून "थोडा येतो" या शब्दावर माझा विश्वास नाही. आणि पहिली शक्यता धरली तरी झिणझिण्यांचा अर्थ एकच निघतो, की तुमच्या मशीनला अर्थ नाही. उद्या दुसरा बिघाड झाला की तो जमिनीत जायला माणसाच्या अंगाशिवाय वाट नाही.

श्रावणसर, मॅटनं तुमचे पाय वाचतात. मशीनला एक हात आणि नळाला दुसरा असेल तर मॅट काय करणार?

केतकी_मिरज | ९ जुलै, सकाळी ८.०५

प्लग रात्रीच काढला. तात्या, मनापासून आभार. सॉकेट तीन भोकांचं असूनही अर्थ नसेल असं होतं का?

तात्या_वायरमन | ९ जुलै, सकाळी ८.३०

सर्रास. वरचं मोठं भोक असतं, त्याच्या मागे वायरच नसते. १९८४ च्या कितीतरी घरांत दिव्याच्या पॉइंटला दोनच वायरी ओढलेल्या, पुढे कुणीतरी मशीन किंवा फ्रिज आला म्हणून तीन भोकांचं सॉकेट तिथे बसवलं. तिसरी पिन लांब आणि जाड असते ती उगाच नाही. प्लग घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे मशीनला वीज मिळायच्या आधी संरक्षण मिळावं. लोक मात्र ती पिन बसत नाही म्हणून कापतात किंवा टू-पिनचं कन्व्हर्टर लावतात.

वायरमनला सॉकेट उघडायला सांगा, तेही मेन बंद करून. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर आहे का, आणि असली तर दुसरं टोक कुठे जातं, हे डोळ्यानं बघा.

अनघा_डोंबिवली | ९ जुलै, सकाळी १०.१५

माझं मशीन समोरून उघडणारं, हीटरवालं. बाथरूममध्ये जागा केलीय, सॉकेट लांब आहे म्हणून एक्स्टेन्शन बोर्डवर चालतं. झटका येत नाही, पण प्लगची एक पिन तपकिरी झालीय आणि कधीकधी जळका वास येतो. हे याच विषयात येतं का?

तात्या_वायरमन | ९ जुलै, सकाळी १०.४०

येतं. हीटरवालं मशीन २००० वॅटच्या आसपास जातं, म्हणजे ९ अँपिअर. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा. पिन तपकिरी झाली म्हणजे तिथे सांधा सैल आहे आणि तापतोय. त्या मशीनला स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला बोर्डातून स्वतंत्र वायर, आणि सॉकेट पाणी उडणार नाही अशा जागी. तोवर गरम पाण्याचे प्रोग्रॅम लावू नका, बोर्ड जमिनीवर ठेवू नका. खरं तर मशीन बंदच ठेवा. प्लग टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. एक बदललं तर जुनं नव्याला परत जाळतं.

श्रावणसर | ९ जुलै, दुपारी १.००

रात्रीचा प्रतिसाद वाचून आमच्याही माणसाला विचारलं. तो म्हणतो, सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थला लूप मारतो, म्हणजे वायरचा तुकडा जोडतो, दहा मिनिटांचं काम, झिणझिण्या लगेच थांबतील. अर्थिंगचा खड्डा खणायची गरज नाही. करून घेऊ का?

तात्या_वायरमन | ९ जुलै, दुपारी १.२०

अजिबात नाही.

हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण यात माणसं गेलेली मला माहीत आहेत आणि लूप मारणाऱ्याला आपण काही चूक केली असं वाटतही नाही. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून नेहमीच्या वेळी त्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं. लूप मारला की बॉडी न्यूट्रलला बांधली जाते आणि मुंग्या थांबतात हे खरं. पण कधीतरी न्यूट्रल तुटतो. सॉकेटमध्ये स्क्रू ढिला होतो, मीटरपाशी सांधा गंजतो, खांबावर जंपर सुटतो. त्या क्षणी मशीन बंद पडतं, कारण परतीची वाट गेली. पण फेज मशीनच्या आतून, मोटरमधून, न्यूट्रलच्या वायरपर्यंत येऊन उभा राहतो आणि लूपमधून थेट बॉडीवर येतो. घरातलं माणूस काय करतं? मशीन का थांबलं म्हणून झाकण उघडून ओल्या कपड्यांत हात घालतं. तिथे मुंग्या नाहीत, पूर्ण २३० व्होल्ट.

न्यूट्रल खांबावर तुटला असेल तर मशीन चालू असण्याचीही गरज नाही. घरातला एखादा दिवा चालू असला तरी त्याच्यातून फेज न्यूट्रलवर येतो आणि लूप असलेलं प्रत्येक यंत्र जिवंत होतं.

पाण्याच्या पाइपला अर्थ बांधणारेही आहेत. आता निम्मे पाइप प्लॅस्टिकचे, म्हणजे अर्थ नाहीच. आणि लोखंडी असले तर शेजाऱ्याच्या नळाला करंट.

हडसनकाठी | ९ जुलै, संध्याकाळी ७.५०

तात्यांनी लिहिलेलं इथे न्यू जर्सीतही लागू पडतं. इथला कपडे वाळवायचा ड्रायर २४० व्होल्ट, ३० अँपिअरवर चालतो. जुन्या घरांत त्याचं सॉकेट तीन पिनांचं असतं. त्यात वेगळा अर्थ नाही, ड्रायरची बॉडी न्यूट्रललाच बांधलेली, म्हणजे तोच लूप, फक्त त्या काळच्या नियमानं मान्य. १९९६ च्या राष्ट्रीय विद्युत संहितेपासून नव्या कामाला चार पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, अर्थ आणि न्यूट्रल वेगळे. जुन्या घरात भाड्यानं आलात आणि आपला चार पिनांचा ड्रायर तीन पिनांच्या सॉकेटसाठी बदलून घेतलात, किंवा उलट, तर मागचा बॉडी-न्यूट्रलचा पट्टा कुठे जोडलाय हे जाणकाराकडून बघून घ्या. चार पिनांना तो काढलेलाच असायला हवा. आणि जाळीवरचा कापसासारखा थर दर वेळी काढा. तो सुका असतो, चटकन पेटतो.

स्वाती_नक्षत्र | ९ जुलै, रात्री ९.३०

मी स्विचगिअरच्या (एमसीबीसारख्या उपकरणांच्या) चाचणी विभागात काम करते, पुण्यात. केतकीच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य अजून सुटलेलं आहे: "एमसीबी पडत नाही म्हणजे मोठा बिघाड नाही." हा समज मोडायलाच हवा.

एमसीबी वायर वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाला १० मिलीअँपिअरच्या आसपास मूठ सोडवता येत नाही, ३० च्या वर थोडा वेळ गेला की हृदयाची लय बिघडायचा धोका सुरू होतो. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर वाहतात. एमसीबीच्या दृष्टीनं तो एखादा बल्ब लागल्यासारखा भार आहे. तो पडणार नाही आणि पडावा अशी त्याची रचनाही नाही.

दुसरं, आणि हे खड्डा खणून निश्चिंत होणाऱ्यांसाठी. समजा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) केला आणि त्याचा रोध २० ओहम आला, कोरड्या मुरमात सहज येतो. बॉडीवर पूर्ण फेज आला तर अर्थमधून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जातील. १६ चा एमसीबी तसाच उभा. मशीनची बॉडी जिवंत राहते, तासन् तास. म्हणून स्वतःचा पिट असलेल्या घरात आरसीसीबी हवाच. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट एकमेकांशी ताडून बघतो. ३० मिलीअँपिअर कुठेतरी दुसरीकडे गेले की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो, गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. २० ओहमच्या पिटवरही तो बिनचूक पडतो.

दुकानात "३० मिलीअँपिअर" असंच सांगा. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते माणसासाठी नाहीत. इन्व्हर्टर मोटरचं मशीन असेल तर "ए" टाइप घ्या, कारण अशा मशीनच्या गळतीत सरळ प्रवाहाचा अंश असतो आणि साधा "एसी" टाइप तो नीट ओळखेलच असं नाही. महिन्यातून एकदा "टी" लिहिलेलं बटण दाबा, खटका पडला पाहिजे. आरसीसीबी जास्त भारावर पडत नाही, त्यामुळे एमसीबीही राहू द्यायचा.

श्रावणसर, तुमचा लूप आरसीसीबीलाही आंधळा करतो. गळती बॉडीतून लूपवाटे न्यूट्रलनंच परत येते, हिशेब जुळतो, आणि तो काही पडत नाही.

जांभा_लाल | १० जुलै, सकाळी ७.१५

मी मालवणचा. आमच्याकडे आरसीसीबी होता. इन्व्हर्टर बसवल्यापासून सारखा पडायला लागला, शेवटी वायरमननं तो बायपास केला. आता काय करू?

स्वाती_नक्षत्र | १० जुलै, सकाळी ८.००

तो खराब नव्हता. इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेत. फेज एका वाटेनं जातो, न्यूट्रल दुसऱ्या वाटेनं परततो, आरसीसीबीला ती गळती वाटते. दोन्ही सर्किटांचे न्यूट्रल वेगळे करायला सांगा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, बोर्डातले सगळे न्यूट्रल एकेक करून ओळखावे लागतात म्हणून टाळतात. तोवर निदान मशीन आणि गिझरच्या सर्किटला वेगळा छोटा आरसीसीबी लावा. न्यूट्रल वेगळे करूनही पहिल्या पावसातच पडायला लागला तर अंगणातला दिवा, पंपाचा बोर्ड, गच्चीवरचं सॉकेट बघा, पाणी तिथे शिरलेलं असतं.

माणदेशी | १० जुलै, रात्री १०.३०

दोन दिवस धागा वाचतोय. मशीनचा विषय आहे, पण कपडे वाळत घालण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

माझी चुलती अशीच गेली. पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत जी. आय. तार बांधलेली, कपड्यांसाठी. घरात येणारी वीजवाहिनी पत्र्याच्या कडेला घासत होती, वाऱ्यानं वर्षभर घासून प्लॅस्टिक गेलं. पावसात पत्रा जिवंत झाला, पत्र्यावरून खांब, खांबावरून तार. ती ओलं लुगडं टाकायला गेली. तिला ओढायला धावलेला चुलतभाऊही फेकला गेला, तो वाचला. घरात वॉशिंग मशीन नव्हतं, एक दिवा आणि एक पंखा.

महावितरण दर पावसाळ्यात सांगतं, विजेच्या खांबाला, ताणाला, पत्र्याला कपड्यांची तार बांधू नका. कृपा करून ऐका. नायलॉनची दोरी घ्या. वीजवाहिनी पत्र्याला किंवा झाडाला घासत असेल तर १९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा. आणि कुणाला करंट लागला तर आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडानं माणसाला बाजूला करा. हातानं ओढू नका. श्वास थांबलेला असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा.

केतकी_मिरज | १० जुलै, रात्री ११.००

माणदेशी दादा, वाचून सुन्न झाले. आमच्या परसातही तारच आहे, एक टोक न्हाणीच्या पत्र्याला. सकाळी काढते.

तात्या_वायरमन | १० जुलै, रात्री ११.१०

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी जाईन तिथे आता मशीनच्या आधी परसातली दोरी बघेन.

केतकी_मिरज | १९ जुलै, संध्याकाळी ६.४०

झालेलं काम कळवते. लायसन्स असलेले दुसरे वायरमन आणले. सॉकेटच्या मागे हिरवी वायर नव्हतीच, तात्या म्हणाले तसंच. बटणही न्यूट्रलवर होतं. मशीन आडवं करून खालून पाहिलं तर ड्रेन पंपाच्या वायरीवर उंदराचे दात, तांबं उघडं आणि पत्र्यापासून बोटभर अंतरावर. म्हणजे झिणझिण्या फिल्टरच्या असतील, पण दुसरा बिघाड तिथे तयार होऊन बसला होता. वायर बदलली, खालून जाळी बसवली. मेगर (वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं मीटर) लावून मशीन तपासलं, ठीक आलं.

परसात पिट केला, सोप्यापासून दोन मीटरवर. रीडिंग ४.२ ओहम. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मशीनपर्यंत अर्थची नवी वायर ओढली. आता बॉडीवर टेस्टर लागत नाही. कपड्यांना नायलॉनची दोरी.

मावशींना मी सगळं उघडून दाखवलं, ती कुरतडलेली वायरही. "टी"चं बटण त्यांनीच दाबलं आणि सगळ्या घरातले दिवे गेल्यावर म्हणाल्या, "म्हंजे आता ह्ये आधी पडनार, मानूस न्हाई." मग त्यांनी विचारलं की त्यांच्या घरी काय करता येईल. दोन खोल्या, वर पत्रे, एकच बोर्ड, त्यावर दिवे, पंखा, टीव्ही आणि पाणी तापवायची हीटरची कांडी. अर्थ नाही. खर्च आम्ही करणार आहोत. तात्या, आधी काय करावं? आणि जमीन मुरमाड आहे, चार फुटांवर खडक लागतो.

तात्या_वायरमन | १९ जुलै, रात्री ८.१५

४.२ चांगलं आहे, पण ते जुलैचं रीडिंग आहे. मे महिन्यात परत घ्या आणि उन्हाळ्यात पिटमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला.

मावशींकडे आधी आरसीसीबी, उद्याच्या उद्या. अर्थ नसला तरी माणसातून करंट जायला लागला की तो तोडतो. झटका बसेल, पण सुटका होईल. मग पिट. जी. आय. पाइप अडीच मीटर लांब, आतून ३८ मिलिमीटरचा, घरापासून किमान दीड मीटर दूर. खडक लागला तर पाइप तिरका घाला, उभ्यापासून ३० अंशांपर्यंत चालतो. कापून आखूड करू नका. जागा निवडायची तर सांडपाण्याची मोरी जिथे मुरते त्या बाजूला, तिथली जमीन ओली राहते. पत्रे आणि त्यांचे लोखंडी वासेही त्या अर्थला जोडून घ्या, आणि मीटरकडून येणारी वायर पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे पाइपचा तुकडा चढवा.

कांडी बादलीतून काढायच्या आधी प्लग काढायचा, हे घरातल्या पोरांना दाखवून द्या. खड्डा कधी खणताय? रविवार असेल तर मी सांगलीत आहे, येतो.

केतकी_मिरज | १९ जुलै, रात्री ८.३०

रविवारीच. सकाळी नऊला मिरज स्टेशनवर घ्यायला येते, तात्या.